बारा नंबरचा गाळा

उपाशीपोटी साखर तपासायला आलेला माणूस बाकावर बसून वडापाव खात होता.

त्याच्या दुसऱ्या हातातली चिठ्ठी मला सरळ दिसत होती. तिच्यावर 'फास्टिंग' असं लिहिलेलं होतं आणि घड्याळात दुपारचे साडेतीन वाजले होते. साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मी बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. उपाशीपोटीचं रक्त सकाळी घेतात, एवढं समजायला बत्तीस वर्षंही लागत नाहीत.

"बघा सिस्टर," पिसाळ शेठ म्हणाले, "दुपारची वेळ आहे तरी सात माणसं बसलीत. सकाळी तर उभं राहायला जागा नसते."

कराडला हायवेच्या कडेला नव्यानं झालेल्या व्यापारी संकुलातला तो बारा नंबरचा गाळा. जयवंत पिसाळ म्हणजे ते संकुल बांधणारे. गाळ्यात रक्त-लघवी तपासणीची लॅब होती, महिना चोवीस हजार भाडं देणारी. भाडेकरूसकट गाळा विकायचा होता, चौतीस लाखांना. आणि हा व्यवहार माझ्यापर्यंत आणला होता माझ्या धाकट्या भावानं, हणमंतानं. तो माझ्या शेजारीच उभा होता आणि मी काय म्हणते याची वाट बघत होता.

टेबलामागे पंचेचाळिशीची एक बाई बसली होती. तिच्या पांढऱ्या कोटावर पाकिटातल्या घड्यांच्या रेषा अजून तशाच होत्या. लॅबमध्ये शिरलं की पहिला नाकात जातो तो स्पिरिटचा वास. इथं नव्या रंगाचा वास येत होता, आणि वड्याचा. कोपऱ्यात नियमाप्रमाणे लाल आणि पिवळ्या पिशव्यांचे डबे ठेवले होते. मी सहज गेल्यासारखं करून एकाचं झाकण पायानं उघडलं. आतली पिशवी कोरी होती. दुसरीही कोरी.

कचरा नेणारी गाडी येऊन गेली असेल, असं मी मनाला म्हटलं. चांगल्या व्यवहारात खोट काढायची आपल्याला सवयच लागलीय, असंही म्हटलं.

"काय वाटतं, आक्का?" हणमंतानं विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

गुडघ्यांना वॉर्डातल्या फेऱ्या झेपेनात म्हणून चोपन्नाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. माझे मालक जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला संसारात होती. पेन्शन सोडून हातात बावीस लाख आले. ही बातमी घरच्यांना कळल्यावर पंधराच दिवसांत हणमंत पिसाळांचा गाळा घेऊन माझ्याकडे आला. त्याचा हिशोब तोंडपाठ होता. बावीस लाख माझे, बारा लाख बँकेचे. हप्ता सोळा हजार, भाडं चोवीस. म्हणजे कर्ज भाडेकरू फेडणार आणि वर महिन्याला आठ हजार माझ्या हातात. बुधवारपर्यंत दोन लाख विसार दिला नाही, तर इस्लामपूरचा एक डॉक्टर गाळा घेणार होता.

परतताना हणमंत गाडी चालवत होता. साताऱ्यात त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान. त्या दुकानाचं पहिलं डिपॉझिट माझ्या पगारातून गेलेलं, पण ते त्यानं वर्षभरात परत केलं होतं आणि मला वर साडीही घेतली होती. असा भाऊ. त्याच्यावर संशय घ्यायचं काही कारण नव्हतं आणि मी घेतलाही नव्हता. तासवड्याचा टोलनाका जाईपर्यंत तो एकटाच बोलत होता.

मी मध्येच विचारलं, "आपण आज येणार, हे पिसाळांना कुणी सांगितलं?"

"मीच. न सांगता कसं जायचं?"

"लॅब तर उघडीच असते."

"तरी मालकाला सांगायला नको?" तो हसला. "तू पण ना, आक्का. पेशंटसारखी माझीच हिस्टरी घ्यायला लागलीस."

मीही हसले. पण हसताना माझ्या लक्षात आलं, की त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि पुढं रस्ता मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी बँकेत गेले. तिथले कर्जाचे अधिकारी तांबोळी साहेब. त्यांच्या आईला मी पूर्वी वॉर्डात सांभाळलं होतं, म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली आणि कागद शेवटपर्यंत वाचले.

"सिस्टर, कर्ज मिळेल," ते म्हणाले. "पण दोन गोष्टी विचारतो. गाळा सहा महिने रिकामा पडला तर हप्ता कशातून भराल?"

"पेन्शनमधून भरावा लागेल."

"आणि खाल काय?"

मी पदर सावरून बसले.

"दुसरं. शेजारच्या गाळ्यांना भाडं काय आहे?"

"ते नाही विचारलं."

"चौतीस लाख ही किंमत चोवीस हजार भाड्यावरून काढलीय. भाडं कागदावर कुणीही कितीही लिहितो. मालकाचाच माणूस भाडेकरू म्हणून बसवला, सहा-सात महिने भाडं चुकतं केलं, की गाळ्याची किंमत दुप्पट होते. गाळा विकला गेला की भाडेकरू उठून जातो. करार रद्द करायची एक महिन्याची नोटीस, एवढंच कागदावर असतं." त्यांनी लॅबच्या भाडेकरारातली ती ओळ पेनानं दाखवली. "मी असं झालंय म्हणत नाही. पण बघायला जायचं तर मालकाला सांगून जाऊ नका. आणखी कुणालाही सांगू नका."

'आणखी कुणालाही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कागदांकडे बघितलं. घरी येईपर्यंत मला ते शब्द टोचत राहिले.

सोमवारी हणमंताचा फोन आला. आज काय करतेस, म्हणाला. पापड करतेय, म्हणाले, आणि कराडच्या एसटीत बसले. भावाशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर फोन ठेवताना माझा हात अगदी स्थिर होता.

आधी सात नंबरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले. आधार कार्डाच्या दोन प्रती काढायला दिल्या आणि बोलता बोलता भाडं विचारलं.

"साडेनऊ हजार," तो म्हणाला. "तेही जास्तच होतंय. कॉलेज जवळ आहे म्हणून चाललंय."

"आणि लॅबवाले?"

"त्यांचं काय माहीत नाही बुवा. शेठचंच काहीतरी आहे. आमच्याकडं प्रिस्क्रिप्शनच्या झेरॉक्सला त्यांचा एक पेशंट कधी आला नाही."

बारा नंबरात गेले तर बाक रिकामा होता. शुक्रवारची बाई टेबलावर वर्तमानपत्र पसरून पावटे सोलत बसली होती. कोट खुंटीला होता.

"हिमोग्लोबिन करायचंय," मी म्हणाले.

"सर नाहीत आज."

"सर कशाला? रक्त तुम्हीच घेता ना? शुक्रवारी तुम्हीच होता."

तिनं मला ओळखलं. पावटे बाजूला सारले आणि ड्रॉवर उघडला. मी खुर्चीवर बसून बाही वर केली. तिनं रबरी पट्टा काढला आणि माझ्या कोपराच्या खाली, मनगटाच्या बाजूला बांधायला लागली. तिचे हात ओलसर होते. सुई तिनं पाकिटातून उलट्या टोकानं ओढली.

"थांबा," मी म्हणाले. "पट्टा कोपराच्या वर बांधतात."

तिनं सुई टेबलावर ठेवली आणि समोरच्या बाकावर बसली.

"तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "डब्याचं झाकण उघडलंत, तेव्हाच मी म्हटलं."

"कळलं नव्हतं. वाटलं होतं."

तिचं नाव लीलाबाई. आधी ती एका खानावळीत पोळ्या लाटायची. इथं नऊला शटर उघडायचं, लाइट लावायचे, सहाला बंद करायचं, याचे साडेचार हजार मिळत. कुणी रक्त द्यायला आलं तर 'सर नाहीत, पुढच्या चौकात जा' असं सांगायचं.

"आणि शुक्रवारची माणसं?"

"शेठच्या बांधकामावरची. गिऱ्हाईक येणार म्हणून फोन आला, की पाठवतात. दिवसाची हजेरी धरतात आणि वडापाव देतात. उपाशीपोटी म्हणजे काय, ते त्यांना कुठं माहीत." ती बोलताना सारखी दाराकडं बघत होती. "बाई, माझं नाव कुठं सांगू नका. माझा यात एक रुपया नाही."

"नाही सांगणार. पण हे पहिल्यांदाच चाललंय का?"

लीलाबाईनं पावट्याची एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरून बसली.

"आधी मी नऊ नंबरला होते. तिथं शिवणक्लास होता. आठ मशिनं मांडली होती. गाळा विकला आणि सात महिन्यांनी शेठनं मशिनं उचलून नेली. दीड-दोन वर्षं झाली असतील. तेव्हापासून शटर खालीच आहे."

"घेणारा कोण होता?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा शेंगेकडं.

"जाऊन बघा तुम्हीच. शटरवर कागद लावलाय. माझ्या तोंडून नको."

नऊ नंबरच्या शटरवर संकुलाच्या सोसायटीची नोटीस चिकटवलेली होती. देखभाल वर्गणी चौदा महिने थकली होती. वरती टाइप केलेलं होतं: गाळा क्रमांक नऊ, मालक श्री. हणमंत रामचंद्र थोरवत.

मी ते तीन वेळा वाचलं. थोरवत या भागात पुष्कळ आहेत. हणमंतही पुष्कळ आहेत. रामचंद्र मात्र माझ्याही वडलांचं नाव होतं. खाली फोन नंबर दिला होता. सकाळी त्याच नंबरावरून मला 'आज काय करतेस' असं विचारलं होतं.

कराडच्या स्टँडवर माझ्यासमोरून साताऱ्याच्या दोन गाड्या गेल्या. मी तिसरीत बसले.

मंगळवारी सकाळी हणमंत विसाराचे कागद घेऊन आला. मी पोहे केले. रात्रभर ठरवलं होतं, की त्याला आपण होऊन सांगायची संधी द्यायची. माणूस स्वतःहून बोलला, तर पुष्कळ काही वाचतं.

"हणमंता," मी म्हणाले, "एवढं चांगलं आहे तर तूच का नाही घेत हा गाळा?"

"माझ्याकडं कुठले पैसे, आक्का."

"पूर्वी कधी घ्यायचा विचार केला नव्हतास? त्याच संकुलात?"

"छे." त्यानं पोह्यांवरचं लिंबू बाजूला ठेवला. "मला ते जमत नाही. मी आपला दुकानदार."

"म्हणजे त्या इमारतीत तुझं काहीच नाही."

"माझं काय असणार?"

तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटली. पुढची पस्तीस वर्षं जरी त्याच्या शेजारी बसले असते, तरी मला ते ओळखू आलं नसतं.

"नऊ नंबरच्या शटरवर तुझ्या नावाची नोटीस आहे," मी म्हणाले.

त्यानं ताटली खाली ठेवली. फरशीकडं बघत बोलायला लागला तो एका आवाजात, चढ नाही, उतार नाही. गाळा अठ्ठावीस लाखांना घेतला होता, दहा स्वतःचे आणि अठरा कर्जाचे. शिवणक्लासचं भाडं वीस हजार येत होतं आणि हप्ता एकोणीस होता. सात महिन्यांनी भाडं थांबलं. दुकानाच्या गल्ल्यातून हप्ते भरून तो टेकीला आला होता. पिसाळांकडं गेला, तर ते म्हणाले, बारा नंबरला गिऱ्हाईक आण, तुझा गाळा घेतल्या किमतीला परत घेतो.

"आणि तू मला आणलंस."

"दुसरं कोण होतं?"

"मी बुडाले असते, हणमंता."

"नाही." आता त्यानं मान वर केली. "तू नसतीस बुडाली. मी सगळा विचार केला होता. तुला पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, पोरगी मार्गी लागलीय. तुझे पैसे अडकले असते, पण तू खाऊन-पिऊन राहिली असतीस. मी पार धुऊन निघालो असतो. आपल्या दोघांत हे कुणाला झेपलं असतं, तूच सांग."

त्यानं मला फसवायचं ठरवण्याआधी माझं वजन केलं होतं. मला किती सोसेल, याचा अंदाज त्यानं नीट बांधला होता आणि तो अंदाज बरोबरही होता. मी त्याची ताटली उचलून आत नेली.

जाताना दारात तो म्हणाला, "रंजनाला यातलं काही माहीत नाही, गाळा घेतल्याचंही नाही. तिला कळू देऊ नको." रंजना त्याची बायको.

"ते तुला सांगावंच लागेल," मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी पुन्हा तांबोळी साहेबांकडं गेले. पिसाळांवर फिर्याद होईल का, ते विचारलं. ते म्हणाले, करार खरा, सह्या खऱ्या, भाडंही बँकेतून आलेलं. वर्षानुवर्षं हेलपाटे घालाल. त्यांनी एवढं केलं, की शेजारचं भाडं पडताळल्याशिवाय त्या इमारतीवर आपल्या शाखेतून कर्ज द्यायचं नाही, असा शेरा लिहून ठेवला. बारा नंबर पुढं वर्षभर विकला गेला नाही. लॅबची पाटी त्याआधीच उतरली होती.

आणि मी नऊ नंबर विकत घेतला.

हे मी का केलं, याचं उत्तर मी निरनिराळ्या लोकांना निरनिराळं दिलेलं आहे. भाऊ कर्जातून सुटावा, हे खरं होतं. पैसे कुठंतरी घालायचे होते, हेही खरं होतं. किंमत मी झेरॉक्सवाल्याच्या साडेनऊ हजारांवरून काढली: सोळा लाख. कर्ज घेतलं नाही. उरलेले सहा लाख बँकेत तसेच ठेवले, म्हणजे गाळा वर्षभर रिकामा पडला तरी झोप उडायला नको. हणमंताच्या कर्जाची बाकी सतरा लाखांच्या वर होती. वरचे पैसे आणि थकलेली वर्गणी भागवायला रंजनाच्या पाटल्या गेल्या.

सव्वादोन महिन्यांनी खरेदीखत झालं. नोंदणी कार्यालयात हणमंतानं सोळा लाखांचा आकडा दोनदा वाचला आणि सही केली. नातेवाइकांत बोललं गेलं, की आक्कानं भावाचा अडलेला गाळा निम्म्या किमतीत पदरात पाडून घेतला. मी कुणाला काही समजावत बसले नाही. गाळ्यात चष्म्याचं दुकान आलं. त्या माणसाशी करार करण्याआधी मी त्याच्या जुन्या दुकानासमोर दोन दिवस जाऊन बसले होते, आणि त्याच्या तीन वर्षांच्या आयकराच्या पावत्या मागून घेतल्या होत्या. त्याला राग आला, पण तो अजून आहे आणि भाडंही वेळेवर येतं.

खरेदीखतानंतर पंधरा दिवसांनी रंजना एकटीच माझ्याकडं आली. हातात काकणं होती, पाटल्यांच्या जागी मनगटाला एक फिकट पट्टा दिसत होता. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघरातच पाटावर बसली.

"वन्सं, मला खरंच काही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "यांनी मला सांगितलं, ते तुमच्याकडून परत आल्यावर. आधी कळलं असतं, तर तुमच्यापर्यंत ही गोष्ट मी येऊच दिली नसती."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

तिनं पदरानं डोळे पुसले. मग माणूस मन मोकळं झाल्यावर बोलतो, तसं बोलायला लागली. यांचा स्वभावच भोळा, कुणी गोड बोललं की विरघळतात. दुकानही आता जरा बरं चालतंय.

"पण एवढे पैसे घालताना माणसानं बघायला नको का हो? त्या शिवणक्लासात एका मशिनीवर कधी कापड नसायचं. ती बाई आपली दारातल्या खुर्चीवर बसून रस्त्याकडं बघत असायची, आणि आपण आत पाऊल टाकलं की घाईघाईनं उठून मशिनीपाशी जायची."

मी गाळणी हातात धरून उभी होते. चहा उतू यायला लागला, तेव्हा गॅस बारीक केला.

हणमंतानं घरी सगळं सांगताना त्या बाईचंही वर्णन केलं असेल. असेलही. रंजनानं ऐकलेलं सांगताना स्वतः बघितल्यासारखं सांगितलं असेल. बोलताना पुष्कळ जण तसं करतात. नाहीतर ती तिथं गेलेली होती, आणि एकदाच नव्हे.

मी तिच्याकडं पाठ करूनच विचारलं, "साखर नेहमीएवढीच ना?"

"थोडी कमी," ती म्हणाली.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. हणमंत आणि मी बोलतो, सणासुदीला जेवतो. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रंजना महिनाभर माझ्याजवळ राहिली, मला धरून न्हाणीपर्यंत नेत होती. तिच्याइतकं माझं कुणी केलं नाही. त्या महिन्यात दुपारी आम्ही दोघीच घरात असायचो आणि रोज एकदा तरी तो शिवणक्लासचा प्रश्न माझ्या ओठापर्यंत यायचा. हणमंताला विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत मला काही दिसलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतही मला काही दिसणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती उशी सारखी करून द्यायची, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायची आणि विचारायची, "वन्सं, आणखी काही हवंय?"

मी नको म्हणायची.